जपानी भाषा इंग्रजीतून का शिकता? मराठीतून ऐका

जपानी शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत ‘ताबेते मिरु’ या प्रयोगावर एक धडा हमखास असतो. ताबेरु म्हणजे खाणे, मिरु म्हणजे पाहणे. पण दोन्ही जोडले की पाहण्याचा डोळ्यांशी संबंध उरत नाही, एखादी गोष्ट कशी आहे हे कळावं म्हणून केलेली कृती असा अर्थ होतो, याची ‘प्रयत्न करणे’शी गल्लत करू नये, वगैरे वगैरे. मराठी माणसाला या धड्याची गरजच नाही. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे. संपला धडा.

एवढं एकच उदाहरण असतं तर सोडून दिलं असतं. पण ‘काइते ओकु’ घ्या. ओकु म्हणजे ठेवणे, आणि सगळ्याचा अर्थ लिहून ठेवणे. ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. या शिमाउमध्ये एक गंमत आहे. काम उरकल्याचं समाधान असेल तिथे तो वापरतात, आणि नको ते हातून घडलं असेल तिथेही. आपण पहिल्या ठिकाणी ‘करून टाकलं’ म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘करून बसलो’. हो म्हणून बसलो, पैसे देऊन बसलो. जपानी माणूस दोन्हीकडे शिमाउच म्हणतो, आणि त्यातलं कुठलं ते चेहऱ्यावरून कळतं.

घरातून बाहेर पडताना जपानी माणूस रोज म्हणतो, ‘इत्तेकिमास्’. शब्दशः ‘जाऊन येतो’. घरातली माणसं उत्तर देतात, ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’. निघताना नुसतं ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, असं ज्याला लहानपणी आजीनं दटावलं असेल त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

जपानी आणि मराठी यांचं भाषाकुळ एक नाही, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. दोघींचं कुठलंही रक्ताचं नातं नाही. पण दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘ला’, ‘ने’, ‘मध्ये’ यांसारखे तुकडे नामाच्या मागे चिकटतात. ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमास्’ हे वाक्य ‘मी भात खातो’ याच क्रमानं चालतं. एकापुढे एक क्रियापदं जोडून अर्थाला रंग देण्याची सवयही अशा भाषांत पुष्कळदा आढळते. प्रश्न विचारायला जपानीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतात. ‘इकिमास् का?’ म्हणजे ‘जाता का?’ दुजोरा हवा असेल तर ‘ने’ लावतात. ‘आत्सुइ देस् ने’ म्हणजे ‘उकडतंय ना’. ‘का’चं साम्य निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कुणी प्राचीन स्थलांतराचा सिद्धांत मांडायला लागला तर तिथून हळूच निघावं.

बाराखडी आणि चित्राक्षरं

लिपीनं मात्र सगळ्यांनाच धडकी भरते, आणि ते रास्त आहे. जपानी लिहायला तीन लिप्या एकत्र लागतात. हिरागाना आणि कताकाना या उच्चारांच्या लिप्या, प्रत्येकी 46 मूळ अक्षरांच्या. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चित्राक्षरं. सरकारी यादीनुसार रोजच्या वापरातली कांजी 2136 आहेत आणि त्यांपैकी 1026 मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात.

पहिल्या दोन लिप्यांचा तक्ता समोर ठेवला तर तो ओळखीचा वाटेल. स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमानं येतात. व्यंजनांच्या ओळी अशा: क, स, त, न, ह, म, य, र, व. प्रत्येक ओळीत पाच खण: क, कि, कु, के, को. ही आपली बाराखडीच, फक्त आखूड. आणि साम्य इथे योगायोगानं आलेलं नाही. बौद्ध ग्रंथांसोबत सिद्धम ही भारतीय लिपी जपानला पोहोचली होती. तिचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंनी आपल्या भाषेतले ध्वनी संस्कृत वर्णमालेच्या क्रमानं मांडले. आज जपानी शब्दकोश याच क्रमानं लागतो.

बारकाईनं पाहणारा विचारेल, क नंतर च यायला हवा, मग स कसा? आणि प च्या जागी ह काय करतो? याचं उत्तर जुन्या उच्चारांत आहे. आजच्या ‘स’ ओळीचा उच्चार पूर्वी च-त्स च्या जवळ जाणारा होता असं अभ्यासक मानतात, आणि आजचा ‘ह’ हा मुळात ‘प’ होता. तो आधी फ झाला आणि मग ह. हे दोन बदल मागे फिरवून बघा: क, च, त, न, प, म, य, र, व. ट वर्ग सोडला तर प्रत्येक वर्गातलं एक अक्षर, त आणि प या वर्गांचं अनुनासिक, आणि पुढे अंतःस्थ. पहिलीतल्या पाठांतराचा हा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं!

कांजीचं खरं कोडं असं की एकाच अक्षराचे अनेक उच्चार असतात. पाण्याचं चित्राक्षर एकटं आलं तर ‘मिझु’ वाचायचं आणि जोडशब्दात आलं तर ‘सुइ’. कारण जपानी लोकांकडे पाण्याला स्वतःचा शब्द होता, मिझु. चिनी अक्षर आलं ते स्वतःचा चिनी उच्चारही घेऊन आलं, आणि दोन्ही राहिले. समजा आपण पाण्याचं एक चित्र काढायचं ठरवलं. एकटं असताना ते ‘पाणी’ वाचायचं, पण ‘शुद्धीकरण’च्या आधी आलं की ‘जल’. पाणीशुद्धीकरण म्हटलं तर कानाला कसंतरीच लागतं, तसंच तिथेही. तत्सम आणि तद्भव अशी दुहेरी शब्दसंपत्ती वापरायची आपल्याला सवय आहे, जपानी माणूस ती एकाच चिन्हात कोंबतो. कहर म्हणजे रविवार. ‘निचियोबि’ या शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी सूर्याचं एकच अक्षर आहे. आधी ते ‘निचि’ वाचतात, मग ‘बि’.

वारांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. जपानी वार ओळीनं सूर्य, चंद्र, अग्नी, जल, काष्ठ, धातू आणि माती यांचे आहेत. पाठ करणाऱ्याला ही यादी वाटेल तशी लावल्यासारखी वाटते. पण पूर्व आशियात मंगळाला अग्नितारा म्हणतात, बुधाला जलतारा, गुरूला काष्ठतारा, शुक्राला धातुतारा आणि शनीला मातीचा तारा. म्हणजे रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि. ही ग्रहवारांची पद्धत भारतीय ज्योतिषातून चीनमध्ये गेली, आणि नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाइ या भिक्षूनं चीनहून आणलेल्या ग्रंथांबरोबर जपानला पोहोचली. रोजच्या व्यवहारात मात्र ती मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली.

जातो कोण?

आता मराठी कामाला येत नाही अशी जागा. आपलं क्रियापद फार बोलकं आहे. ‘जातोस’ एवढं म्हटलं की कोण जातं, ते एक की अनेक, पुरुष की बाई, सगळं बाहेर पडतं. जपानी ‘इकु’ यातलं काहीच सांगत नाही. मी जातो, तू जातेस, ते जातात, सगळ्याला इकुच. त्यातून कर्ता गाळायची सवय. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?

पुष्कळदा ते आदराच्या शब्दांवरून कळतं. जाणे या एका क्रियेला तीन पायऱ्या आहेत. साधं ‘इकु’, स्वतःला खाली ठेवणारं ‘माइरु’ आणि समोरच्याला वर ठेवणारं ‘इराश्शारु’. कुणी ‘माइरिमास्’ म्हणालं तर जाणारा बोलणाराच, किंवा त्याच्या बाजूचं कुणी. ‘इराश्शाइमास् का’ विचारलं तर जाणारे तुम्ही, किंवा कुणी मानाची व्यक्ती. आपल्याकडे जे काम ‘-तो, -तोस, -ता’ हे प्रत्यय करतात, त्यातलं बरंचसं तिथे नम्रता करते. म्हणून जपानी आदरार्थी भाषेकडे नुसती सभ्यता म्हणून बघणं मला अपुरं वाटतं. ती काढून घेतली तर अर्धी वाक्यं निनावी होतील.

पायऱ्यांची कल्पना आपल्याला नवी नाही. गिळ, खा, जेव, जेवा, जेवून घ्यावं, हा जिना मराठी घरात रोज चढला-उतरला जातो. जपानीत तोच कुउ, ताबेरु, इतादाकु, मेशिआगारु असा आहे. फरक आहे तो कुणाला कुठल्या पायरीवर बसवायचं यात. मराठी ऑफिसात बाहेरच्या माणसाचा फोन आला की आपण सांगतो, ‘साहेब बाहेर गेलेत’. जपानी ऑफिसात साहेबांचं आडनाव तानाका असेल तर बाहेरच्याला सांगताना नुसतं ‘तानाका’ म्हणायचं, ‘सान’ हा आदराचा प्रत्यय गाळायचा, आणि क्रियापदही नम्रतेचं. कारण बाहेरच्यासमोर साहेब आपल्या बाजूचे, आणि आपल्या बाजूला मोठेपणा द्यायचा नसतो. फोन ठेवला की तेच पुन्हा ‘तानाका-सान’ किंवा हुद्द्यानं हाक मारण्याजोगे होतात. घरातही तसंच. वडिलांना हाक ‘ओतोसान’, पण परक्याजवळ उल्लेख ‘चिचि’. परक्यासमोरही ‘बाबा आलेत’ असंच म्हणणाऱ्या आपल्याला ही उडी जड जाते.

देणे या क्रियेचीही अशीच फोड आहे. मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्यानं मला दिलं तर ‘कुरेरु’. दोघांचं नाव न घेता पुस्तक कुणीकडून कुणीकडे गेलं ते समजतं.

शब्दांच्या पोटात

निरोपाचा ‘सायोनारा’ हिंदी सिनेमागाण्यामुळे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याचा मूळ अर्थ ‘असं असेल तर…’ एवढाच. वाक्य अर्धवट आहे. आपण उठता उठता ‘बरंय तर मग’ म्हणतो त्यातलाच प्रकार. रोज भेटणाऱ्या मित्रांत तो आता फारसा ऐकू येत नाही, कारण त्यात कायमचं जाण्याची छटा आली आहे.

‘आरिगातो’ म्हणजे ‘असणं अवघड’, अर्थात दुर्मीळ. असं कुणी सहसा करत नाही, तुम्ही केलंत, असा आभाराचा रोख. हा शब्द पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला अशी एक गोष्ट फिरत असते. ती खोटी आहे, कारण पोर्तुगीज जपानला 1543 मध्ये पोहोचले आणि हा शब्द त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून जपानीत आहे. ‘सुमिमासेन’ माफीसाठी, आभारासाठी आणि हॉटेलात वेटरला बोलवायलाही चालतं. त्याचा गाभा ‘हे मिटत नाही, संपत नाही’. जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणतात. त्यातल्या ‘चिसो’चा अर्थ धावपळ, म्हणजे पाहुण्यासाठी यजमानाला करावी लागलेली.

नकार देणं ही जपानीतली खरी कलाकुसर. ‘सोरे वा चोत्तो…’ म्हणजे ‘ते जरा…’ एवढं म्हणून माणूस थांबला की समजायचं, नाही. चहा हवा का विचारल्यावर ‘दाइजोबु देस्’ आलं, तर शब्दशः ‘ठीक आहे’, व्यवहारात ‘नको’. आणि व्यवसायाच्या बैठकीत कुणी ‘कांगाएते ओकिमास्’, म्हणजे ‘विचार करून ठेवतो’ म्हणालं, तर पुढच्या आठवड्यात फोन करण्यात अर्थ नाही. परदेशी लोक यावर मोठमोठे लेख लिहितात. मुलीच्या स्थळाला किंवा उसन्या पैशाला ‘बघू’ असं उत्तर मिळालेल्या मराठी माणसाला लेखाची आवश्यकता नाही.

ठसठस, चुरचुर आणि झुकिझुकि

माझ्या मते या दोन भाषा सर्वांत जवळ येतात त्या आवाजाच्या शब्दांत. जपानीत असे दुहेरी शब्द हजारांनी आहेत, आणि ते फक्त कॉमिक्समध्ये किंवा लहान मुलांच्या तोंडी नसतात, मोठी माणसं गंभीर बोलण्यातही वापरतात. छाती धडधडते ती ‘दोकिदोकि’. चक्र गरगर फिरतं ते ‘गुरुगुरु’. तारे चमचम करतात ते ‘किराकिरा’. रिमझिम पाऊस ‘शितोशितो’, धो धो पाऊस ‘झाझा’.

इंग्रजीभाषक डॉक्टरकडे गेला तर त्याला दुखण्याचं वर्णन करायला विशेषणं शोधावी लागतात. जपानी रुग्ण सांगतो, ‘झुकिझुकि’ होतंय. आपण म्हणतो, ठसठसतंय. दाढ दुखते, जखम पिकते ती तशी. खरचटलेल्या जागी ‘हिरिहिरि’, म्हणजे चुरचुर. सुई टोचल्यासारखं ‘चिकुचिकु’. डोक्यात घण पडतात ते ‘गानगान’. भोवळ येऊन झोकांड्या जातात ते ‘फुराफुरा’. जपानी दवाखान्यात हे शब्द नीट सांगता आले तर अर्धं निदान तिथेच होतं, आणि परदेशी नर्सेसना ते वेगळे शिकवावे लागतात. मराठी बोलणारी नर्स यात इतरांपेक्षा लवकर पुढे जाईल असं मला वाटतं, कारण तिच्याकडे प्रत्येक शब्दासाठी आधीच एक खण तयार आहे.

खाण्यातही तेच. जपानी बेकरीत पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फुवाफुवा’ छापलेलं असतं, म्हणजे लुसलुशीत. ‘साकुसाकु’ म्हणजे दाताखाली विरघळत मोडणारं, चांगल्या शंकरपाळ्यासारखं खुसखुशीत. ‘पारिपारि’ पातळ आणि मोडताना आवाज करणारं, पापडासारखं. भेंडीचा बुळबुळीतपणा ‘नेबानेबा’, आणि तो तिथे गुण मानतात हे आपल्या पचनी पडायला वेळ लागतो.

यात एक नियमही लपलेला आहे. लहान गोटी घरंगळते ती ‘कोरोकोरो’, मोठा धोंडा गडगडतो तो ‘गोरोगोरो’. हातातून सुळकन सुटणारी बारीक वाळू ‘सारासारा’, खरखरीत भिंत ‘झाराझारा’. दारावर टकटक ‘तोनतोन’, ढोल ‘दोनदोन’. कठोर व्यंजनाच्या जागी मृदू व्यंजन आलं की वस्तू जड, मोठी किंवा खडबडीत होते. टपटप आणि धपधप, खळखळ आणि घळघळ हे शब्द मोठ्यानं म्हणून बघा.

पाव, रिक्षा आणि क्षण

जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. पोर्तुगीज ‘पांव’वरून आलेला हा शब्द आपल्या ‘पाव’चा सख्खा भाऊ. तंबाखूला ते ‘ताबाको’ म्हणतात. या देवाणघेवाणीत गोवा थेट आहे. आंजिरो नावाचा जपानी माणूस गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, 1548 मध्ये तिथेच ख्रिस्ती झाला, आणि 1549 मध्ये फ्रान्सिस झेविअरबरोबर कागोशिमाला उतरला. तोच दुभाषा. देवाला जपानीत काय म्हणायचं हा प्रश्न आला तेव्हा शब्द निवडला गेला ‘दाइनिचि’. तो निघाला महावैरोचन बुद्ध. भिक्षू खूश झाले, त्यांना वाटलं भारतातून आपल्याच पंथाचं कुणी आलंय. घोळ लक्षात आल्यावर झेविअरनं अनुवादाचा नाद सोडला आणि सरळ ‘देउसु’, म्हणजे लॅटिनमधला देवाचा शब्द, म्हणायला सुरुवात केली.

त्याच्या फार आधी संस्कृत शब्द चीनमार्गे गेले होते. क्षण तिथे ‘सेत्सुना’ झाला. ध्यान ‘झेन’ झालं हे बहुतेकांना माहीत असतं. नरक ‘नाराकु’ झाला, आणि काबुकी या पारंपरिक नाटकाच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही तेच नाव आहे. दान करणाऱ्या यजमानासाठीचा ‘दान्ना’ आता बोलीत नवऱ्याला म्हणतात. समाधीचं ‘झानमाइ’ होऊन एखाद्या गोष्टीत आकंठ बुडणं असा अर्थ आला. सुशीच्या भाताला कारागीर ‘शारि’ म्हणतात. हे मूळचं शरीर, म्हणजे बुद्धाच्या अस्थी, ज्या भाताच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून.

उलट दिशेनं आलेला शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. माणूस, शक्ती, गाडी या तीन कांजींचा ‘जिनरिकिशा’ 1870 च्या सुमारास टोकियोत धावू लागला आणि आशियाभर पसरला. प्रवासात ‘जिन’, म्हणजे माणूस, गळून पडला. उरली रिक्षा, अर्थात ‘शक्ती-गाडी’. माणूस न ओढता इंजिन ओढतं तेव्हा हे नाव अचूक बसतं. मूळ अर्थाची गाडी डोळ्यांसमोर आणायची तर माथेरानच्या हातरिक्षा आठवाव्यात.

इंग्रजी शब्दांपासून मात्र जपानमध्ये सावध राहावं, कारण ते ओळखीचे वाटतात आणि फसवतात. ‘मान्शोन’ म्हणजे हवेली नाही, साधी फ्लॅटची इमारत (गिरगावातल्या जुन्या ‘मॅन्शन’ना हे आवडेल). ‘कान्निंगु’ म्हणजे परीक्षेत कॉपी. ‘साबिसु’ (सर्व्हिस) म्हणजे फुकट. ‘कोनसेंतो’ म्हणजे विजेचा सॉकेट. बुफेला ‘बाइकिंगु’ म्हणतात, म्हणजे व्हायकिंग. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलनं 1958 मध्ये उत्तर युरोपी धर्तीचा बुफे सुरू केला, त्याला हे नाव दिलं आणि ते देशभर चिकटलं.

मोजणीत सगळेच रडतात. आपण दोन जण, चार नग यावर निभावतो. जपानीत लांबट वस्तू ‘होन’नं मोजतात, चपट्या ‘माइ’नं, लहान प्राणी ‘हिकि’नं, मोठे ‘तो’नं, पक्षी ‘वा’नं. ससाही परंपरेनं पक्ष्यांच्या रांगेत, आणि बाजारातलं माखूळ चहाच्या पेल्यांच्या रांगेत, ‘हाइ’नं. पेन्सिली, छत्र्या, आगगाड्यांच्या फेऱ्या, इंजेक्शनं आणि फोन कॉल, सगळे लांबट. एक, दोन, तीन पेन्सिली म्हणजे इप्पोन, निहोन, साम्बोन. एकाच ‘होन’ची ही तीन रूपं पाहून विद्यार्थी वैतागतात, पण ‘ह’ मूळचा ‘प’ होता हे लक्षात असलं की इप्पोन हे जुनं रूप टिकून राहिलेलं दिसतं, आणि साम्बोनमध्ये तो प अनुनासिकाच्या शेजारी बसून ब झालेला.